कोणती प्रत शेवटची?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चार-पाच मुलांनी मिळून एखादा अहवाल संगणकावर लिहायला घेतला, की आठवड्याभरात त्याच्या प्रतींची नावे कशी वाढत जातात हे तुम्ही पाहिलेच असेल. प्रथम 'अहवाल', मग 'अहवाल नवा', मग 'अहवाल अंतिम', त्यापुढे 'अहवाल अंतिम दुरुस्त' आणि शेवटी 'हाच घ्या'! एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसरी मोबाइलवर, तिसरी बाईंच्या ई-मेलमध्ये. एकाने केलेली दुरुस्ती दुसऱ्याच्या प्रतीत नसते. दुसऱ्याने खोडलेला परिच्छेद तिसऱ्याच्या प्रतीत तसाच राहतो. अशा वेळी सर्वांत नवी प्रत शोधून भागत नाही. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून निघाली आणि वाटेत कोणी काय बदलले, हे कळावे लागते.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हा प्रश्न रोजच पडतो, कारण एकच प्रोग्रॅम कधी कधी शेकडो माणसे मिळून लिहीत असतात. त्यांनी त्यावर काढलेल्या उपायाला आवृत्ती-नियंत्रण म्हणतात. अशा नियंत्रणाचा एक लहानसा सर्व्हर भाड्याच्या यंत्रावर कसा उभारायचा, ते या लेखात पाहू. पण त्याआधी पुण्यातच झालेल्या एका मोठ्या कामाकडे वळू. तेथे संगणक नव्हता. प्रश्न मात्र हाच होता.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करण्याचे काम सुरू झाले. महाभारत शेकडो वर्षे हाताने उतरवले जात होते. काश्मीरमध्ये शारदा लिपीत, बंगालमध्ये बंगाली लिपीत, दक्षिणेत तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम लिपींत. उतरवणाऱ्याची नजर चुके, एखादा शब्द बदले. कोणी ऐकलेली गोष्ट मध्येच घाली. पुढचा लेखक त्याच पोथीवरून उतरवी, तेव्हा ही चूक आणि ती भरही नव्या पोथीत जाई. अशा १२५९ पोथ्या या कामासाठी तपासल्या गेल्या. पोथ्या अनेक, महाभारत एकच. मग मूळच्या जवळचा पाठ कोणता?

१९२५ साली या कामाची सूत्रे डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे आली. ते केंब्रिजला गणित शिकले होते आणि नंतर जर्मनीत संस्कृतचे संशोधन करून परतले होते. त्यांच्या पद्धतीत गणिताची शिस्त स्पष्ट दिसते. आडव्या-उभ्या रेघा मारलेल्या मोठ्या कागदावर वरच्या ओळीत एक श्लोक लिहायचा, अक्षराला एक चौकोन. त्याखाली प्रत्येक पोथीला एक ओळ. त्या पोथीत जेथे वेगळे अक्षर असेल, तेथेच, त्या चौकोनाखाली ते मांडायचे. उजवीकडे शेऱ्यासाठी रुंद रकाना. हे कागद पुण्यात तर भरले जातच, शिवाय शांतिनिकेतनला आणि तंजावरलाही भरले जात आणि पुण्याला येत. निरनिराळ्या ठिकाणी काम करणारी माणसे आणि सगळ्यांचे काम एकत्र येण्याचे एक ठरलेले ठिकाण, ही रचना ध्यानात ठेवा. पुढे ती पुन्हा भेटेल.

फरक मांडून झाले, की पोथ्यांची वंशावळ लावायची. ज्या पोथ्यांत एकसारख्या चुका, त्या बहुधा एकाच पूर्वज पोथीच्या लेकी. अशा रीतीने उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या पोथ्यांचे दोन मोठे वंश निघाले आणि त्यांच्या पोटात लहान शाखा. ज्या पाठाविषयी संपादकांची पुरती खात्री पटली नाही, त्याखाली त्यांनी नागमोडी रेघ मारली. जो मजकूर काही थोड्याच पोथ्यांत होता, तो त्यांनी मूळ संहितेतून काढला, पण टाकून दिला नाही. तळटीपेत किंवा परिशिष्टात छापला. व्यास सांगतात आणि गणपती लिहितो ही सर्वांना ठाऊक असलेली कथा या आवृत्तीत परिशिष्टात सापडते! आदिपर्वाचा खंड १९३३ साली पुरा झाला. सुकथनकर १९४३ साली वारले. काम इतरांनी पुढे नेले आणि १९६६ मध्ये ते संपले. १९ खंड आणि ४७ वर्षे.

इतकी वर्षे का लागली? ग्रंथ अवाढव्य, हे एक कारण. दुसरे असे, की वंशावळ कोणीच लिहून ठेवलेली नव्हती. पोथीच्या शेवटी लेखकाचे नाव आणि शक कधी कधी मिळतो. पण 'मी ही अमुक पोथीवरून उतरवली आणि तीत एवढे बदल केले' असे कोण लिहून ठेवणार? ते सारे चुकांच्या खुणांवरून ताडावे लागले.

आवृत्ती-नियंत्रण नेमके हेच न लिहिलेले लिहून ठेवते. आज सर्वाधिक वापरात असलेल्या अशा प्रोग्रॅमचे नाव आहे गिट. लिनक्स ही संगणकप्रणाली सुरू करणारे लिनुस टोरवाल्ड्स यांनी तो एप्रिल २००५ मध्ये लिहिला. लिनक्सचे काम जगभरचे लोक करत होते आणि त्यासाठी ते वापरत असलेल्या एका कंपनीच्या प्रोग्रॅमची फुकट वापराची परवानगी त्या वेळी बंद झाली. टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला काम सुरू केले आणि ७ एप्रिलला गिटचा स्वतःचा मजकूर गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. (पुढे वर्षानुवर्षे तो सुधारला गेला, हे खरे, पण पाया चार-पाच दिवसांतला.)

गिटमध्ये तुम्ही केलेले बदल एका टप्प्यावर 'नोंदवता'. या नोंदीला कमिट म्हणतात. तीत त्या क्षणीच्या सर्व मजकुराचे चित्र, नोंदवणाऱ्याचे नाव, वेळ, 'हा बदल का केला' हे सांगणारी एखादी ओळ आणि आधीच्या नोंदीची खूण एवढे असते. ही आधीच्या नोंदीची खूण म्हणजेच पोथीवर लिहिलेले आईचे नाव.

ही खूण साधा अनुक्रमांक नसून मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा असतो. ठसा म्हणजे काय ते कागदावरच करून पाहा. समजा, तुमच्या विज्ञान मंडळाने वेताळ टेकडीवरच्या चार झाडांच्या बुंध्याचे घेर सेंटिमीटरमध्ये मोजले : ८५, ११२, ६४, १४०. पहिल्या संख्येला १ ने, दुसरीला २ ने, तिसरीला ३ ने आणि चौथीला ४ ने गुणून बेरीज करा : ८५ + २२४ + १९२ + ५६० = १०६१. तिला ९७ ने भागा. बाकी उरते ९१. हा या नोंदीचा ठसा. आता कोणी ६४ च्या जागी घाईने ४६ लिहिले, तर बेरीज होते १००७ आणि बाकी ३७. ठसा बदलला! पहिल्या दोन संख्यांची अदलाबदल केली तरी बाकी ६४ येते. नुसती बेरीज केली असती, तर अदलाबदल कळली नसती. म्हणून स्थानाने गुणले.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन झाडे मोजली : ७८ आणि १०५. ही नोंद लिहिताना सुरुवातीला आदल्या नोंदीचा ठसा मांडायचा : ९१, ७८, १०५. आता ९१ + १५६ + ३१५ = ५६२, बाकी ७७. पहिल्या दिवसाच्या नोंदीत कोणी गुपचूप ६४ चे ४६ केले, तर तिचा ठसा ३७ होतो आणि दुसऱ्या दिवसाचा ठसा ७७ न येता २३ येतो. म्हणजे जुन्या नोंदीला हात लावला, की तिच्यापुढच्या साऱ्या नोंदी बोलू लागतात. ही सगळी साखळी आहे.

आपल्या ठशाला ९७ च किमती आहेत, त्यामुळे दोन वेगळ्या नोंदींचा ठसा योगायोगाने एकच येणे सहज शक्य आहे. गिटचा नेहमीचा ठसा १६० बिटांचा असतो. त्याच्या शक्य किमतींची संख्या लिहायला ४९ अंक लागतात. त्याची रीतही आपल्या बाकीपेक्षा पुष्कळ गुंतागुंतीची आहे. तरीही २०१७ मध्ये संशोधकांनी मुद्दाम खटपट करून त्या रीतीने एकच ठसा देणाऱ्या दोन वेगळ्या फाइली बनवून दाखवल्या. त्यानंतर गिटमध्ये अशी लबाडी ओळखण्याची सोय झाली आणि २५६ बिटांच्या ठशाचीही व्यवस्था पुढे केली गेली.

गिटमध्ये प्रत्येकाकडे नुसती ताजी प्रत नसते, तर पहिल्या नोंदीपासूनचा सारा इतिहास असतो. पाच जणांचे मंडळ असेल, तर पाच पूर्ण कोठारे. मग सर्व्हर कशाला हवा? तांत्रिक दृष्ट्या सर्व्हरवरची प्रत इतर प्रतींहून जराही मोठी नाही. पण पाच जणांनी एकमेकांना प्रती देत बसायचे म्हटले, तर दोघादोघांच्या दहा जोड्या होतात. त्यापेक्षा सर्वांनी एका ठिकाणी द्यावे आणि तेथूनच घ्यावे, हे बरे. शांतिनिकेतन आणि तंजावरचे कागद पुण्याला येत, तसेच हे आहे.

हे ठिकाण घरच्या संगणकावर ठेवता येते, पण तो रात्री बंद होतो, वीज जाते, आणि घरच्या इंटरनेटचा पत्ता बहुधा बदलता असतो. म्हणून सतत चालू असणारे यंत्र भाड्याने घेतात. त्याला 'क्लाउड' म्हणतात, पण त्यात ढग कोठेही नाही. असतात त्या मोठ्या इमारती, थंड ठेवलेल्या खोल्या आणि त्यांत ओळीने मांडलेले संगणक. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात अशी तीन केंद्रे उघडली, त्यांतले 'मध्य भारत' या नावाचे केंद्र पुण्यातच आहे. ॲमेझॉनचे मुंबईचे केंद्र २०१६ मध्ये आले. तेथले सबंध यंत्र तुम्हाला मिळत नाही. जुन्या पुण्यातल्या वाड्यात जशी बिऱ्हाडे असत, तसे हे समजा. वाडा एक, जोते एक, पण प्रत्येक बिऱ्हाडाचे दार वेगळे. एका दणकट संगणकाचे असे भाग पाडून प्रत्येक भाडेकरूला स्वतंत्र यंत्राचा भास करून देणाऱ्या प्रोग्रॅमला हायपरवायझर म्हणतात. अशा भासमान यंत्राचा सर्वांत लहान प्रकारही आपल्या कामाला पुरतो. एक गीगाबाइट स्मृती म्हणजे चैनच.

आता प्रत्यक्ष उभारणी. खाते शिक्षकांच्या किंवा पालकांच्या नावाने काढावे, कारण भाडे तासांवर मोजले जाते आणि यंत्र विसरले तरी बिल विसरत नाही. (यंत्र नुसते थांबवले तरी त्याच्या डिस्कचे भाडे चालू राहते, हेही ध्यानात घ्या.) ज्या शाळेला हे नको असेल, तिने प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर लिनक्स घालून पुढचे सारे तसेच करावे, पायऱ्या त्याच आहेत. पुढील आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप करायच्या असतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

पहिले काम किल्ल्यांचे. दुरून यंत्रात शिरण्यासाठी एसएसएच ही पद्धत वापरतात. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या संगणकावर 'एसएसएच-कीजेन' ही आज्ञा द्यायची. तिच्यामुळे दोन फाइली तयार होतात. एक जाहीर, दुसरी खासगी. जाहीर फाइल म्हणजे कुलूप समजा आणि खासगी फाइल म्हणजे किल्ली. कुलपे हवी तितकी वाटा, काही बिघडत नाही; किल्ली मात्र आपल्या संगणकाबाहेर जाता कामा नये, अगदी जिवलग मैत्रिणीलाही द्यायची नाही. यंत्र भाड्याने घेताना शिक्षकांनी आपले कुलूप तेथे द्यायचे, आणि त्याच किल्लीने आत शिरायचे. पहिल्यांदा शिरताना संगणक सर्व्हरचा ठसा दाखवून 'हेच यंत्र ना?' असे विचारतो. पुष्कळ जण न वाचता होकार देतात. तसे करू नका. भाड्याच्या सेवेच्या पानावर दिलेल्या ठशाशी तो ताडून पाहा.

आत गेल्यावर गिट बसवायचा आणि 'गिट' याच नावाचा एक नवा वापरकर्ता निर्माण करायचा. सर्व मुलांची कुलपे त्याच्या 'ऑथोराइज्ड कीज' या फाइलमध्ये, एकेका ओळीत एक, अशी ठेवायची. या वापरकर्त्याला यंत्रात इतर काही उचापती करता येऊ नयेत म्हणून त्याला 'गिट-शेल' हे मर्यादित दार द्यावे. परवलीच्या शब्दाने शिरण्याची वाट बंद करावी आणि बाहेरून येणारी दारे बंद ठेवून फक्त २२ क्रमांकाचे, म्हणजे एसएसएचचे, उघडे ठेवावे. हा अतिरेक नव्हे. उघड्या यंत्राचे दार ठोठावणारे प्रोग्रॅम जगभर अखंड फिरत असतात. यंत्र सुरू झाल्यावर थोड्याच वेळात त्याच्या रोजनिशीत अनोळखी प्रयत्न दिसू लागतात. मुलांना ती रोजनिशी एकदा जरूर दाखवावी.

मग कोठार बनवायचे : 'गिट इनिट', आणि त्याला जोडून 'बेअर' हा पर्याय. बेअर म्हणजे उघडे. तुमच्या संगणकावरच्या कोठारात इतिहासाबरोबर काम करायच्या फाइलीही बाहेर मांडलेल्या असतात. सर्व्हरवर कोणी बसून लिहीत नाही, म्हणून तेथे इतिहास तेवढा ठेवतात. ग्रंथालयात कपाटे आहेत पण वाचायचे टेबल नाही, असे. बस्स, सर्व्हर तयार झाला! आणखी काही चालू करावे लागत नाही.

आता प्रत्येकाने आपल्या संगणकावरून 'गिट क्लोन' म्हणून सर्व्हरचा पत्ता द्यायचा. बदल केल्यावर 'ॲड', 'कमिट', आणि मग सर्व्हरकडे धाडण्यासाठी 'पुश'. इतरांचे बदल आणण्यासाठी 'पुल'. झाडांची यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, एका ओळीत एक झाड अशी लिहा. वर्डसारख्या प्रोग्रॅमची फाइल ठेवता येते, पण तीत कोणती ओळ बदलली हे गिटला दाखवता येत नाही, आणि मग अर्धा उपयोग गेला.

खरी गंमत येथून पुढे. समजा, तिसऱ्या झाडाच्या ओळीत एकीने 'मोई' लिहिले आणि पुश केले. त्याच वेळी दुसऱ्याने आपल्या घरी त्याच ओळीत 'सालई' लिहिले. तो पुश करू लागताच सर्व्हर नकार देतो, कारण त्याच्याकडे आधीच आलेली नोंद या मुलाच्या इतिहासात नाही. प्रथम पुल करा, मग पुश करा. पुल केल्यावर दोन इतिहास जुळवले जातात. याला मर्ज म्हणतात. वेगवेगळ्या ओळी बदललेल्या असत्या, तर गिटने त्या मुकाट्याने जुळवल्या असत्या. येथे ओळ एकच, म्हणून तो थांबतो, फाइलमध्ये दोन्ही पाठ एकाखाली एक मांडतो, त्यांच्याभोवती खुणा करतो आणि 'संघर्ष' असे कळवतो.

यात मोई खरे की सालई, हे गिटला सांगता येत नाही. नंतर आलेले बरोबर, असे तो धरत नाही. मोठ्या मुलाचे बरोबर, असेही नाही. दोन्ही झाडांची पाने संयुक्त असतात, पानगळीत दोन्ही उघडी होतात, आणि मग भल्याभल्यांची फसगत होते. पाने आली की टेकडीवर जाऊन पर्णिकेची कड पाहावी. दातेरी असेल तर सालई, सलग असेल तर मोई. पाहून आल्यावर योग्य ती ओळ ठेवायची, खुणा पुसायच्या आणि नव्या नोंदीत कारण लिहायचे : 'पर्णिकेची कड सलग दिसली.' या नोंदीला दोन आया असतात, आणि खोडलेला 'सालई' हा पाठही इतिहासात कायम राहतो, परिशिष्टातल्या गणपतीसारखा. उद्या कोणी शंका घेतली, तर कोणी काय म्हटले होते आणि निर्णय कशावरून झाला, हे समोर असते.

तुलना येथे जरा लंगडी पडते, तेही सांगायला हवे. सुकथनकरांना मागे जाऊन हरवलेला पूर्वज शोधायचा होता. गिट पुढे जाताना पूर्वजांची नोंद ठेवतो. शिवाय नोंदीतले नाव हे ज्याचे त्याने आपल्या संगणकावर लिहिलेले असते. खोडसाळ मुलगा तेथे दुसऱ्याचे नाव घालू शकतो. सही पटवण्याची सोय गिटमध्ये आहे, पण ती वेगळी लावावी लागते.

आणखी एक धोका. 'पुश' ला 'फोर्स' हा पर्याय जोडला, की सर्व्हरवरचा इतिहास बाजूला सारून आपला इतिहास लादता येतो. शाळेच्या कोठारात हे बंदच ठेवावे. कोठार बनवताना 'शेअर्ड' हा पर्याय दिला तर ते आपोआप बंद राहते.

गिटहबसारख्या तयार सेवा असताना हा खटाटोप का करायचा, असे कोणी विचारील. रोजच्या कामाला तयार सेवाच सोयीची आहे. पण आत काय चालते हे एकदा स्वतः केल्याखेरीज कळत नाही, आणि वर पाहिलेच, की आत फारसे काही नाही : एक वापरकर्ता, काही कुलपे आणि एक कोठार.

सर्व्हर उभा राहिला म्हणजे जपणूक झाली, असे मात्र नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले, तेव्हा ज्या घरांत कागदांची एकच प्रत होती, तेथे ती गेली ती गेलीच. भाड्याचे यंत्रही एका इमारतीतच असते, आणि भाडे थकले तर तेही काढून टाकले जाते. म्हणून महिन्यातून एकदा 'गिट क्लोन' ला 'मिरर' हा पर्याय जोडून पूर्ण प्रत घ्यावी आणि ती दुसऱ्या गावी असलेल्या एखाद्याच्या संगणकावर ठेवावी.

करून पाहा : (१) वरच्या ठशाच्या रीतीत पहिल्या दिवसाच्या चार संख्यांपैकी दोन अशा बदला, की बाकी ९१ च राहील. असे किती प्रकारे करता येईल? (२) मंडळातील एकाने आपल्या संगणकावरचे कोठार मुद्दाम पुसून टाकावे आणि सर्व्हरवरून पुन्हा आणावे. पहिल्या नोंदीपासून सर्व आले का, ते 'गिट लॉग' ने तपासावे. (३) आता उलट करा. शिक्षकांनी सर्व्हरवरचे कोठार काढून टाकावे (आधी मिरर घेऊन!) आणि मुलांनी फक्त आपल्या संगणकांवरच्या प्रतींतून ते पुन्हा उभे करावे. कोणाच्या प्रतीत कोणत्या नोंदी नव्हत्या, याची यादी करा.